नवा ब्रेल नोटटेकर: आधी मराठीत लिहा, फोनला नंतर जोडा

मी नागपूरच्या धरमपेठेत शास्त्रीय गाण्याचे वर्ग घेते. मला जन्मापासून दिसत नाही, आणि ब्रेल मी शाळेत पाटी-स्टायलसवर, म्हणजे कागदावर हातानं टिंबं टोचून, शिकले. अलीकडे 20 सेलचा ऑर्बिट रीडर घेतला, म्हणजे ब्रेल लिहायचं-वाचायचं छोटं यंत्र. सेल म्हणजे एका ब्रेल चिन्हाची जागा. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की हे यंत्र हाती आल्यावर सुरुवात कुठून करायची. माझं उत्तर ठरलेलं आहे: ब्लूटूथ, फोन, संगणक सगळं बाजूला ठेवा आणि त्यावर आधी स्वतःचं काहीतरी मराठीत लिहा.

यंत्र बंद असतानाच दोन्ही हातांनी नीट चाचपून घ्या. वाचायची पट्टी, जिथे टिंबं वर-खाली होतात, तुमच्याकडच्या कडेला येते आणि तिच्या दोन टोकांना मागे-पुढे सरकायच्या कळा आहेत. लिहायच्या कळा पट्टीच्या पलीकडे, मधोमध बाणांच्या. एसडी कार्डाची खाच, चार्जिंगचं तोंड आणि चालू-बंदचं बटण मागच्या कडेला. वजन अर्ध्या किलोच्या आत आहे. पर्किन्स ब्रेलर, म्हणजे ब्रेलचा जड टाइपरायटर, ज्यांनी उचललाय, त्यांना हे ऐकूनच हायसं वाटेल.

पाटीवर आपण उजवीकडून डावीकडे उलटं टोचतो. इथे जसं वाचायचं तसंच लिहायचं. अक्षराची टिंबं एकत्र दाबायची, आणि बोटं उचलली की अक्षर उमटतं. पर्किन्सवर लागतो तेवढा जोर इथे अजिबात नको. ब्रेलची अक्षरं सहा टिंबांत होतात; वरच्या दोन कळांपैकी सातव्या टिंबाची कळ मागचं अक्षर पुसते, आठवी नवी ओळ देते. पहिले काही दिवस एवढ्या दोनच जादा कळा लक्षात ठेवा, बाकीच्या आपोआप हाताखाली येतात.

20 सेल म्हणजे नेमके किती, हे मराठी लिहिल्याशिवाय कळत नाही. ‘नागपूर’ला सहा सेल लागतात. ‘विद्यार्थी’ला दहा, कारण भारती ब्रेलमध्ये जोडाक्षराच्या आधी चौथं टिंब स्वतंत्र येतं आणि या शब्दात ते दोनदा आहे. दोन ‘विद्यार्थी’ आणि मधली मोकळी जागा एका ओळीत मावत नाही. म्हणून सलग परिच्छेद लिहिण्यापेक्षा ओळी कुठे तोडायच्या हे आपणच ठरवलेलं बरं.

मी त्रिताल असा लिहिला: ‘धा धिं धिं धा’, मग नवी ओळ. ‘धा’ला दोन सेल, ‘धिं’ला तीन, तीन मोकळ्या जागा धरून चार मात्रांचा विभाग 13 सेलमध्ये बसतो. सोळा मात्रांच्या चार ओळी झाल्या. बंदिशीही मी अशाच विभागवार उतरवते आहे. डावं बोट ओळीवर, उजवा हात टाळीला मोकळा. फोनवर हे जमत नव्हतं, कारण फोन वाचून दाखवतो, आणि तंबोरा लागलेला असताना कानात दुसरा आवाज आला की माझा षड्ज हलतो. इथे गाताना शब्द बोटाखाली असतात आणि कान पूर्ण स्वराकडे. ओळ बदलताना टिंबांचा हलका आवाज होतो, तो तंबोऱ्यात विरून जातो. वर्गातल्या एका मुलीनं पहिल्याच दिवशी विचारलं, “ताई, हे काय वाचून राहिल्या तुम्ही गाता गाता?” तिच्या हाताखाली तिचीच बंदिश ठेवली. टिंबं वर-खाली होताना तिला कळली आणि ती खूप वेळ हात काढेना.

आता फाइलींबद्दल, कारण इथे बहुतेक जण अडतात. सहा टिंबांनी लिहिलेली ब्रेल फाइल, म्हणजे बीआरएफ, संगणकात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं म्हणून साठवली जाते. ‘मराठी’ हा शब्द डोळस माणसाला पडद्यावर एम, आर, गणितातलं ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह (>), डब्ल्यू आणि 9 असा दिसतो. फाइल बिघडलेली नाही, घाबरू नका. बोटाखाली ती अचूक मराठी आहे. नियम एवढाच की बीआरएफ उघडताना भाषांतर, म्हणजे साध्या अक्षरांचं ब्रेल करायची सोय, बंद हवं, कारण तिच्यात आधीच ब्रेल आहे. देवनागरीत टाइप केलेली साधी टेक्स्ट फाइल असेल आणि यंत्रात ही सोय असेल, तर भाषांतर चालू आणि भाषा मराठी. दुसऱ्याला वाचायला द्यायचा मजकूर असेल तर तो फोनला जोडूनच लिहावा, म्हणजे देवनागरी उमटते.

जोडणी करायची ती इथवर हात बसल्यावर. अँड्रॉइडवर पूर्वी ब्रेलबॅक नावाचं वेगळं अ‍ॅप लागायचं, आता ब्रेलची सोय टॉकबॅकमध्येच, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्येच, आहे. संगणकावर एनव्हीडीए हा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम असेल तर ब्रेलच्या सेटिंगमध्ये आउटपुटचा तक्ता मराठी निवडा. इंग्रजी तक्ता राहिला तर देवनागरीचा काहीच अर्थ लागत नाही, आणि लोक यंत्रालाच नावं ठेवतात.

आपल्या नागपूरच्या हवेत जपायचं कसं, हे मी आवर्जून सांगते. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. तेव्हा यंत्र गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हात उभ्या कारमध्ये अजिबात ठेवू नका, बॅटरीला ते सोसत नाही. कूलरच्या थेट झोतासमोरही नको, तिथली हवा ओली असते. बोटांना घाम असेल तर टिंबांवरून बोट सरकत नाही, म्हणून पिशवीत सुती रुमाल ठेवा. तर्री-पोहे खाऊन झाल्यावर हात साबणानं धुऊन, पूर्ण कोरडे करूनच पट्टीला लावा. तेल आणि धूळ टिंबांच्या भोकात बसली तर टिंब पूर्ण वर येत नाही, आणि एक टिंब कमी पडलं की ‘प’चा ‘म’ होतो.

विकत घ्यायच्या आधी शक्य असेल तर कुणाचं तरी यंत्र तासभर वापरून बघा. एसडी कार्डावर स्वतःची मराठी फाइल घेऊन जा. दुकानदार इंग्रजी नमुना उघडून देतात, त्यावरून मराठी जोडाक्षरं कशी उमटतात हे कळत नाही. आणि घेतल्यावर दर आठवड्याला कार्डावरच्या फाइलींची एक प्रत संगणकावर काढून ठेवा. माझ्या बंदिशींची एक प्रत घरी असते, एक वर्गातल्या कपाटात.