जोडी लावण्याआधी नात्याचा आकडा बघा
विस्टार रॅटच्या (प्रयोगशाळेतल्या, मुद्दाम अंतःप्रजनन न केलेल्या जातीच्या उंदरांच्या) कॉलनीत पिंजऱ्यावरची कार्डं चाळून अंदाजाने जोड्या लावू नका. प्रत्येकाचा नंबर, बाप, आई, लिंग एवढे चार रकाने भरून 'आर' या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेतल्या 'किनशिप२' या मोफत पॅकेजला द्या. कुठल्याही नर-मादीचं नातं आकड्यात मिळतं: सख्खी भावंडं ०.२५, सावत्र ०.१२५, चुलत-मावस ०.०६२५ (मागच्या पिढ्या नात्यातल्या नसतील तर). पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (आई-बाप नात्यातले असल्याने एकाच पूर्वजाकडून जनुकाच्या दोन्ही प्रती येण्याची शक्यता) नेमका हाच, म्हणून सर्वांत लहान आकड्याची जोडी घ्या.

खरी अडचण नोंदीत असते. मादीजवळ दोन नर ठेवले, किंवा कानाची खूण फाटून नंबर वाचता येईना, की गणित तिथेच अडतं. सी५७बीएल/६ या अंतःप्रजननानेच टिकवलेल्या जातीच्या छोट्या उंदरांना हे लागू नाही; तिथे भावा-बहिणीची जोडी मुद्दामच लावतात.