विंडरशकाठच्या गावात दोन मुक्काम: नागपूरहून जाणाऱ्यांसाठी

लंडन किंवा रेडिंगला नोकरी करणाऱ्या मुलाकडे वा लेकीकडे उन्हाळ्यात महिना-दीड महिना राहायला जाणारे आई-वडील नागपुरात आता घरोघरी नसले, तरी गल्लोगल्ली भेटतात. परत आल्यावर ते लंडनचा पूल, राजवाडा आणि मेणाचे पुतळे यांचे फोटो दाखवतात. इंग्लंडचे खेडे मात्र त्यांनी पाहिलेले असते ते बसच्या काचेतून. लंडनहून सकाळी निघून एका दिवसात चार-पाच गावे दाखवणाऱ्या सहली भरपूर आहेत आणि प्रत्येक गावाला त्या जेमतेम पाऊण तास देतात. नदीकाठचे गाव असे पाहता येत नाही. कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडच्या ग्रामीण प्रदेशातले एकच गाव निवडावे, तिथे दोन रात्री राहावे आणि शेजारची गावे पायी पाहावीत, असा माझा आग्रह आहे आणि पुढची सारी माहिती त्याच बेताने दिली आहे.

गाव निवडताना बहुतेकांच्या मनात पहिले नाव येते ते बायबरीचे. कोल्न नदीवरच्या या गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग मुळात १३८० च्या सुमारास लोकर साठवण्यासाठी बांधलेले कोठार होती. सतराव्या शतकात तिची विणकरांची घरे झाली. समोरच्या पाणथळ कुरणाला ‘रॅक आयल’ म्हणतात, कारण धुतलेले कापड तिथे चौकटींवर वाळत घालत असत. इंग्रज कवी व कलाकार विल्यम मॉरिस यांनी बायबरीला इंग्लंडमधील सर्वांत सुंदर गाव म्हटले आणि तेव्हापासून त्या गावाला उसंत मिळालेली नाही. बायबरीला रेल्वे नाही, बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत आणि दुपारी त्या अरुंद रस्त्यावर माणसांपेक्षा मोबाइलच अधिक दिसतात. स्वतःची गाडी नसलेल्या नागपूरकराने म्हणूनच मुक्कामासाठी विंडरश नदीवरचे बोर्टन-ऑन-द-वॉटर निवडावे. गर्दी तिथेही असते, पण ती सायंकाळी पाचनंतर ओसरते आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरावर लोअर स्लॉटर व अप्पर स्लॉटर ही दोन लहान, शांत गावे आहेत. स्लॉटर म्हणजे कत्तल असे समजून दचकू नये. ते नाव चिखलाच्या जागेसाठी असलेल्या एका जुन्या इंग्रजी शब्दापासून आले आहे.

कधी जावे, या प्रश्नाचे उत्तर नागपूरकरांना इतरांपेक्षा सोपे आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. इंग्लंडमधल्या शाळांची छोटी सुट्टी मेच्या अखेरीस संपते आणि मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धात सुरू होते. त्यामुळे जूनचे पहिले तीन आठवडे आपली मुले मोकळी आणि तिथली मुले शाळेत, असा योग जुळून येतो. त्या दिवसांत तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि दुपारचे तापमान बहुधा वीस अंशांच्या आसपास असते. पंचेचाळीस अंशांतून गेलेल्या माणसाला पहिल्या दिवशी ते स्वर्गासारखे वाटते आणि दुसऱ्या दिवशी पाऊस लागला की स्वेटर आठवतो. मेचा पहिला व शेवटचा सोमवार आणि ऑगस्टचा शेवटचा सोमवार या सार्वजनिक सुट्ट्या असतात, म्हणून त्यांना लागून येणारे शनिवार-रविवार टाळावेत. ऑगस्टच्या त्या सोमवारी बोर्टनमध्ये विंडरशच्या पात्रातच गोलखांब रोवून फुटबॉलचा सामना खेळतात. तो पाहायचाच असेल तर गर्दी सोसावी आणि काठापासून चार हात दूर उभे राहावे, कारण खेळाडूंइतकेच प्रेक्षकही भिजतात.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपर्यंत करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. तरीही तिकिटाच्या तारखेला चिकटून अर्ज करण्याचे धाडस करू नये. पर्यटकाचा साधा व्हिसा सहा महिन्यांपर्यंतच्या वास्तव्यासाठी असतो. युरोपातील शेंगेन व्हिसावर इंग्लंडमध्ये प्रवेश मिळत नाही, हे दोन्हीकडे जाणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावे. आपल्याकडचे अर्जदार ज्या गोष्टीत अडकतात ती म्हणजे मराठी कागदपत्रे: सातबारा, विवाहाचा दाखला किंवा ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती जोडायची असेल, तर तिचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत द्यावे लागते. कागदांचा गठ्ठा मोठा असण्यापेक्षा बँकेच्या उताऱ्यातील रकमा कुठून आल्या हे स्पष्ट दिसणे महत्त्वाचे आहे. अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाने खात्यावर टाकलेले पाच लाख रुपये मदतीपेक्षा प्रश्नच अधिक निर्माण करतात.

सामानाबाबत एक कटू गोष्ट सांगावी लागते. दूध व मांस यांपासून केलेले पदार्थ भारतातून ग्रेट ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे, म्हणून खव्याची संत्रा बर्फी लेकीसाठी कितीही मायेने घेतली असली तरी ती नागपुरातच खाऊन घ्यावी. ताजी फळे आणि कढीपत्ताही नेऊ नये. चिवडा चालतो. पायांत पाणी न शिरणारे बूट हवेत, कारण जूनमध्येही सकाळी गवत ओले असते आणि चपलेने चालणाऱ्याचे मोजे पहिल्या शेतातच भिजतात. वीजजोडणीसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर इथूनच घ्यावा. सीताबर्डीत तो स्वस्त मिळतो.

नागपूरहून लंडनला थेट विमान नाही, त्यामुळे मुंबई किंवा दिल्लीमार्गे, नाहीतर आखातातील एखाद्या शहरातून जावे लागते. हीथ्रोला उतरल्यावर एलिझाबेथ लाइनच्या गाडीने पॅडिंग्टन स्थानक गाठावे आणि तिथून वुस्टरच्या दिशेने जाणाऱ्या गाडीने मोरटन-इन-मार्श या स्थानकावर उतरावे. या प्रवासाला सुमारे दीड ते पावणेदोन तास लागतात. सकाळच्या गर्दीची वेळ टळल्यानंतरचे तिकीट बरेच स्वस्त असते. नवरा-बायको दोघे जात असतील तर ‘टू टुगेदर’ हे रेलकार्ड घ्यावे. कार्डावर ज्यांची छायाचित्रे आहेत त्या दोघांनी एकत्र प्रवास केला की भाड्यात एक तृतीयांश सवलत मिळते, मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊपूर्वी ती लागू होत नाही. प्रवास मंगळवारी केला तर मोरटनचा आठवडी बाजार पाहायला मिळतो. आपल्या महालातल्या बुधवारी बाजारासारखी ओरड तिथे नसते, भाव करण्याची सोय तर त्याहून नाही. पण दोन दिवसांसाठी चीज, पाव आणि फळे घ्यायला तो उत्तम आहे.

मोरटनहून बोर्टनला ८०१ क्रमांकाची बस जाते. ती वाटेत स्टो-ऑन-द-वोल्ड घेते आणि पुढे चेल्टनमपर्यंत धावते. थांब्यावर उभे राहिलो म्हणजे बस थांबेलच असे समजू नये. हात दाखवावा लागतो. इंग्लंडमधील बहुतेक बसमध्ये एकेरी प्रवासाचे भाडे २०२५ पासून जास्तीत जास्त ३ पौंड ठेवले आहे आणि ते कार्ड टेकवून देता येते. उतरताना चालकाला ‘थँक यू’ म्हणण्याची तिथे रीत आहे. शेवटच्या बसची वेळ मात्र सकाळीच लिहून ठेवावी, आणि रविवारी जायचे असेल तर वेळापत्रक दोनदा पाहावे. आम्ही एका रविवारी स्टोमध्ये चहा पीत निवांत बसलो आणि बस निघून गेल्यावर शहाणे झालो. टॅक्सी रस्त्यावर हात करून मिळेल अशी आशा तिथे करू नये. ती फोन करून बोलवावी लागते आणि रविवारी संध्याकाळी तीही सहज मिळत नाही.

विंडरश पाहून कन्हान किंवा वैनगंगा पाहिलेला माणूस पहिल्यांदा थोडा हसतो. गावातून वाहणारे हे पाणी घोट्या-गुडघ्याएवढे असते आणि त्यावरचे दगडी पूल इतके बुटके असतात की त्यांच्या काठावर बसून लहान मूल पाय बुडवू शकते. पण हे पाणी सकाळी सात वाजता पाहावे. दुकाने बंद असतात, कुत्र्याला फिरवणारे दोन-चार लोक ‘मॉर्निंग’ म्हणून पुढे जातात आणि तळाचा प्रत्येक गोटा दिसतो. मुक्काम करायचा तो या एका तासासाठी.

घरांचा मधासारखा रंग हा रंगाऱ्याचा नव्हे, दगडाचा आहे. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे, सीताबर्डीचा किल्ला त्याच खडकाच्या टेकडीवर उभा आहे. तिकडचा दगड ज्युरासिक काळातील समुद्रात साचलेला चुनखडक आहे. तो माशाच्या अंड्यांसारख्या बारीक गोल कणांचा बनलेला असतो आणि त्यातल्या लोहामुळे पिवळसर दिसतो. छपरांवरही दगडाच्याच चिपा असतात, खाली मोठ्या आणि वर चढत जाताना लहान. ही घरे ज्या पैशातून उभी राहिली तो मुख्यतः लोकरीचा पैसा होता. कापसाच्या आणि कोष्ट्यांच्या मागांच्या मुलखातून आलेल्या माणसाला ही गोष्ट पटकन उमजते. नागपुरात जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली आणि शहराचा चेहरा बदलला. कॉट्सवोल्ड्समध्ये उलटे झाले, वाफेवर चालणाऱ्या गिरण्या यॉर्कशायरकडे वाढल्या, इकडचा कापडधंदा आटला आणि नवे बांधायला पैसा न उरल्यामुळे जुनी घरे तशीच राहिली. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते बऱ्याच अंशी त्या गरिबीने राखून ठेवलेले आहे. पुढे १९६६ मध्ये या प्रदेशाला निसर्गसौंदर्यासाठी कायद्याचे संरक्षण मिळाले. आज ते क्षेत्र २,०३८ चौरस किलोमीटर, म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या साधारण एक पंचमांश आहे.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून स्लॉटरकडे चालत जावे. बोर्टनहून निघालेली वाट फॉस वे हा रोमन काळातला सरळ रस्ता ओलांडते आणि कुरणांमधून लोअर स्लॉटरला पोचते. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास आहे. पुढे आय नावाच्या ओढ्याच्या सोबतीने दीडेक किलोमीटर गेले की अप्पर स्लॉटर येते. या वाटा खासगी शेतांतून जातात, पण त्यांवरून चालण्याचा हक्क कायद्याने सर्वांना आहे. आपल्याकडच्या पांदण रस्त्याची कल्पना डोळ्यांपुढे आणली की ते समजते, फरक इतकाच की तिथे वाट कोणी नांगरून टाकलेली क्वचित दिसते. खांबावरचा पिवळा बाण पायवाटेचा आणि निळा बाण घोड्यांनाही मोकळ्या असलेल्या वाटेचा असतो. फाटक बंद असेल तर ओलांडून पुन्हा बंद करावे आणि उघडे असेल तर उघडेच ठेवावे. मेंढ्या आपणहून दूर होतात. वासरे सोबत असलेल्या गाईंना मात्र वळसा घालावा, त्यांना थोपटायला जाऊ नये. वाटेच्या कडेला वाढणारे नेटल नावाचे झुडूप हाताला लागले की खाजकुइलीची आठवण होते, म्हणून चालताना पूर्ण बाह्यांचा शर्ट बरा. मोबाइलची रेंज दरीत जाते, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून घ्यावा. कागदी नकाशा आवडणाऱ्यांनी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा ओएल ४५ हा घ्यावा, त्यात प्रत्येक फाटक सापडते.

लोअर स्लॉटरमध्ये ओढ्याकाठी पाणचक्कीची जुनी इमारत आहे आणि मधाळ दगडांच्या गावात तिचे विटांचे लाल धुराडे एकटेच वेगळे उठून दिसते. अप्पर स्लॉटरमध्ये दुकान शोधू नये. तिथल्या चौकाभोवतीच्या घरांची पुनर्रचना १९०६ मध्ये एडविन लट्येन्स यांनी केली. नवी दिल्लीचे राष्ट्रपती भवन ज्यांनी उभारले तेच हे वास्तुविशारद, आणि त्यांचा हात इतक्या लहान दारा-खिडक्यांवरही फिरलेला पाहणे ही मौज आहे. दोन्ही महायुद्धांत या गावातून लढायला गेलेला प्रत्येक जण जिवंत परतला, त्यामुळे इंग्लंडच्या गावोगावी आढळणारी मृतांच्या नावांची पाटी इथे नाही. अशी गावे फार थोडी आहेत.

जेवणाचे वेळापत्रक आपल्यासारखे नाही. बहुतेक पबचे स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होते ते सहानंतर उघडते. टेबलावर बसून वेटरची वाट पाहत राहू नये. काउंटरवर जाऊन मागणी सांगावी आणि तिथेच पैसे द्यावेत. शाकाहारी पदार्थांपुढे ‘व्ही’ लिहिलेले असते. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या ठिकाणी नळाचे पाणी मागितल्यास ते मोफत देणे इंग्लंडमध्ये कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून बाटलीसाठी पैसे मोजू नयेत. सावजीच्या जिभेला तिथले जेवण फिके लागणार. त्यावर उपाय म्हणून घरची शेंगदाण्याची चटणी न्यावी, पण डबी खोलीवरच उघडावी.

या गावांत माणसे राहतात, हे दाराशी उभे राहून फोटो काढताना विसरणे फार सोपे आहे. दरवाजा रस्त्याला लागून असला तरी त्याच्या पायरीवर बसू नये, बुटक्या भिंतीवर चढू नये, खिडकीतून आत डोकावू नये आणि ड्रोन तर अजिबात उडवू नये. आपल्या अंगणात परका माणूस तुळशीपाशी फोटोसाठी उभा राहिला तर आपण काय म्हणू, तेवढे मनात आणले तरी पुरे.

परतीच्या दिवशी बस दुपारची असेल तर बोर्टनमधले ‘मॉडेल व्हिलेज’ पाहून घ्यावे. १९३७ मध्ये खुले झालेली ही बोर्टनची नऊपट लहान प्रतिकृती स्थानिक दगडातच बांधलेली आहे. तिच्यात त्या प्रतिकृतीचीही प्रतिकृती आहे, आणि तिच्याही आत आणखी एक. नातवंडे सोबत असतील तर हिशेबात तासभर अधिक धरावा, कारण आत कितवे गाव दिसते यावर त्यांचे भांडण लवकर मिटत नाही.