ब्रेस्ट रिडक्शन करून घेताय? या चुका टाळा

मान-खांदे भरून येतात, ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खाचा पडतात, पावसाळ्यात स्तनांखालची कातडी ओली राहून चिघळते. वर्षानुवर्षं हे सोसलेली बाई एकदा स्तन लहान करायच्या ऑपरेशनचं, म्हणजे ब्रेस्ट रिडक्शनचं, ठरलं की मात्र आठ दिवसांत मोकळी व्हायला बघते. दोन ते चार तासांचं ते ऑपरेशन बहुतेक वेळा नीटच पार पडतं. बिघडतं ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सहा आठवड्यांत, आणि दरवेळी त्याच त्या कारणांनी.

मिशरी म्हणजे तंबाखूच

"तंबाखू आहे का?" असं विचारलं की उत्तर येतं, "छे, काहीच नाही." बाई खोटं बोलत नसते. सकाळी दातांना लावायची मिशरी तिच्या हिशेबात तंबाखू नसते. तपकीरही नसते, मुलींच्या पर्समधली व्हेप (ई-सिगारेट) नसते, आणि निकोटीनचा गम तर औषधच. रक्तवाहिन्यांना हे बारकावे कळत नाहीत.

या ऑपरेशनात स्तनाग्र सहसा सुटं करत नाहीत. आतल्या ऊतींच्या एका पट्ट्यावर ते तसंच जोडलेलं ठेवून वर सरकवतात, फळ देठासकट हलवावं तसं. त्याला रक्त मिळतं ते त्या देठातूनच. स्तन जितके लोंबते तितका देठ लांब आणि काम नाजूक; फारच लांब असेल तर स्तनाग्र सुटं करून कलम करावं लागतं. निकोटीनने तिथल्या बारीक वाहिन्या आवळल्या की स्तनाग्राची कड निळसर होते, मग काळी पडते. मेलेली कातडी परत येत नाही. ती झडून खालची जखम भरेपर्यंत महिने जातात आणि आकार बिघडतो तो बिघडतोच.

म्हणून आधी किमान ४ आठवडे आणि नंतर ४ आठवडे पूर्ण बंद. ६ पाळले तर उत्तम. "कमी केलीय" हे उत्तर चालत नाही. मिशरीचा डबा घरात ठेवून मिशरी सुटत नाही, तो बाहेर काढा. सर्जनने तारीख पुढे ढकलली तर रुसू नका, न ढकलणाऱ्याचीच काळजी करावी.

विसावा दिवस

दुसऱ्या आठवड्यानंतर दुखणं कमी होतं, टाके कोरडे दिसतात, आणि बाईला वाटतं की झालं. अशाच एका बाईच्या विसाव्या दिवशी घरात चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची, तयारी सुरू होती. मुलगा स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरचं फळाफुलांचं छत, बांधत होता आणि ही खालून हात उंच करून नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगणं एकेक वर देत होती. संध्याकाळी नेवऱ्यांसाठी चार नारळ खोवले. रात्री ब्रा ओली लागली. सकाळी पाहिलं तर एका बाजूला खाली, मधोमध, दोनेक सेंटिमीटर जखम उघडलेली.

ती तिथेच का उघडते? नेहमीच्या पद्धतीत स्तनाग्राभोवती एक गोल, तिथून खाली एक उभी रेघ आणि स्तनाखालच्या घडीत एक आडवी रेघ असे टाके असतात. उभी आणि आडवी रेघ मिळते तिथे कातडीचे तीन तुकडे एकत्र येतात. ताण तिथे सर्वात जास्त, रक्तपुरवठा सर्वात कमी, घाम सर्वात जास्त. या ऑपरेशनातली किरकोळ जखम उघडते ती बहुधा याच सांध्यावर, आणि नीट ड्रेसिंग केलं तर सहसा आपोआप भरते.

या बाईने आधी दोन दिवस खोबरेल तेलात हळद कालवून लावली. पिवळ्या लगद्याखाली जखम कशी आहे हे डॉक्टरलाही दिसेना. मग रोज सलाईनने धुऊन ड्रेसिंग, पाच आठवडे. चवथ संपली, दसरा आला तरी पट्टी होतीच.

सहा आठवडे हात खांद्याच्या वर नाही. २ ते ३ किलोपेक्षा जास्त वजन नाही; भरलेली कळशी, नातू, सिलिंडर, सगळं यात आलं. चालणं मात्र पहिल्याच दिवसापासून, नाहीतर पायात गुठळ्या होण्याची भीती. स्कूटर निदान महिनाभर नाही. पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसणंही नको, आपल्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांत चालवणाऱ्यापेक्षा मागे बसणाऱ्यालाच जास्त हिसके बसतात.

बाकीच्या, थोडक्यात

पेज पातळ असली तरी ती अन्नच. भुलेच्या आधी ६ तास पोट रिकामं, साधं पाणी २ तास आधीपर्यंत, तेही भूलतज्ज्ञाने सांगितलं तरच. एक वाटी पेजेपायी ऑपरेशन रद्द होतं, मग सगळं घर नर्सवर ओरडतं.

स्तनांखालचे चट्टे आधी बरे करा. फार्मसीतून स्वतःच आणलेल्या मिश्र मलमात बहुधा स्टिरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते. पावडरीचे थर देऊ नका.

अ‍ॅस्पिरिन, लसणाच्या कॅप्सूल, गर्भनिरोधक गोळ्या, घेत असाल ते सगळं सांगा. हृदयासाठी दिलेली रक्त पातळ करणारी गोळी मनाने मात्र थांबवू नका.

"सी कपच पाहिजे" असा हट्ट निरर्थक. सर्जन ग्रॅममध्ये मोजतो, आणि कप प्रत्येक कंपनीचा वेगळा. सूज उतरायला ३ ते ६ महिने लागतात, महागड्या ब्रा तोवर घेऊ नका. आधी ऑपरेशन, मग वजन उतरवू, हेही उलटं: वजन स्थिर झाल्यावरच या. मूल हवं असेल तर स्पष्ट बोला, नंतर दूध कमी येऊ शकतं. मूल पाजत असाल तर दूध तोडल्यावर सहा महिने थांबा.

ऑपरेशनआधी तुम्हाला उभं करून मार्करने रेघा आखतात, कारण आडवं झालं की स्तन बगलेकडे सरकतात. तो नकाशा आहे, आंघोळीत घासून काढू नका.

चाळिशी उलटली असेल तर आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. काढलेल्या ऊती तपासायला जातात, तो रिपोर्ट मागून घ्या.

विम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया बसत नाही. मानदुखी, चट्टे यांची डॉक्टरी नोंद आधीपासून असेल तर निदान बोलायला जागा राहते. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा नाहीतर खाजगीत, विम्याची मंजुरी भरती होण्याआधी, लेखी.

आखातातून महिनाभराच्या रजेवर येऊन हे उरकू नका. आणि जखम पूर्ण भरेपर्यंत समुद्रात उतरायचं नाही, पाहुण्यांना मिरामारचा किनारा दाखवायचा असेल तर वाळूतूनच.

वाट पाहू नये असं

पहिल्या एक-दोन दिवसांत एकच स्तन फुगून दगडासारखा कडक झाला, तर आत रक्त साचलंय. स्तनाग्र निळं-काळं पडणं, १००.४ च्या वर ताप, पू, वाढत जाणारा लालसरपणा, यातलं काहीही दिसलं की लगेच सर्जनला फोन, फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसायचं नाही. एका पोटरीत दुखून सूज आली तर त्याच दिवशी तपासणी. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट १०८, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.