दोघांनाही परदेशी नोकरी लागलीय? सही करण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यात खानापूरच्या एका घरी गेले होते. सोप्यावर दोन ऑफर लेटर पसरलेली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एकावर तांब्या ठेवलेला. ती नर्स. तो बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीचं काम बघणारा इंजिनिअर. दोघांनाही दुबईचं बोलावणं. तिच्या सासऱ्यांनी दोन्ही कागदांवरचे शेवटचे आकडे वहीत उतरवून बेरीज केली होती आणि रुपयांत हिशोबही मांडून झाला होता. मी विचारलं, "घर कुणाची कंपनी देणार? तिकडं एकाची नोकरी गेली तर दुसऱ्याच्या व्हिसाचं काय?" वही मिटली गेली.

अकरा वर्षं मी दुबई आणि शारजात पगारपत्रकं केली. नवराही तिथंच नोकरीला होता, त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. आता बेळगावात अनगोळला परत आल्यावर निपाणी, चिकोडी, खानापूर, चंदगडकडची जोडपी कागद घेऊन घरी येतात. बहुतेकांची मुख्य चूक एकच असते. तो त्याचा कागद वाचतो, ती तिचा वाचते आणि शेवटी दोन पगारांची बेरीज होते. पण संसार एकच असतो, भाडं एकच, बाळंतपण एकच. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून एकाच घराचा कागद म्हणून वाचायला हवेत. तसे वाचले की पुढच्या चुका आपोआप दिसायला लागतात.

एकूण पगार बघितला, मूळ पगार बघितलाच नाही

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, कारण इथलं नुकसान लगेच कळत नाही. ते आठ-दहा वर्षांनी, परत येताना कळतं.

अमिरातीत, म्हणजे दुबई-शारजा ज्यात येतात त्या देशात, पगाराचे दोन भाग असतात, मूळ पगार आणि भत्ते. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर मोजतात. एक वर्ष पूर्ण झालं की हक्क लागू होतो. पहिल्या ५ वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार आणि त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला ३० दिवसांचा. एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा जास्त होत नाही.

आता दोन कागद घ्या. दोन्हींवर एकूण पगार ८,००० दिरहॅम (तिथलं चलन). एकात मूळ पगार ३,०००, दुसऱ्यात ५,०००. हातात येणारे पैसे महिन्याला सारखेच. पण आठ वर्षांनी पहिल्याला १९,५०० दिरहॅम मिळतील आणि दुसऱ्याला ३२,५००. १३,००० दिरहॅमचा फरक, तोही काम सारखंच करून. शिल्लक रजेचे पैसे आणि ओव्हरटाइम यांचा हिशोबही मूळ पगारावरच होतो.

नोकरी गेली तर मिळणारा विमाही त्याच आकड्याला बांधलेला आहे. १ जानेवारी २०२३ पासून अमिरातीत हा विमा सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० दिरहॅमपर्यंत असेल तर हप्ता महिना फक्त ५ दिरहॅम. नोकरी गेली तर मूळ पगाराच्या ६० टक्के, जास्तीत जास्त ३ महिने मिळतात. त्यासाठी सलग १२ महिने हप्ते भरलेले हवेत, राजीनामा स्वतः दिलेला नसावा आणि ३० दिवसांच्या आत दावा करायला हवा. हा विमा ज्याचा त्यानं काढायचा असतो. "नवऱ्यानं काढलाय" असं सांगणाऱ्या बायका मला भेटल्यात. त्यांच्या नावावर काहीच नव्हतं.

सही झाली असेल तर करार नूतनीकरणाच्या वेळी एकूण पगारवाढ मागण्याऐवजी मूळ पगार वाढवून मागा. सही व्हायची असेल तर तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातली ऑफर मागा. ती अरबी, इंग्रजी आणि तिसऱ्या एका भाषेत मिळते. त्या भाषांत मराठी नाही, कन्नडही नाही, पण हिंदी आहे. ती मागून घ्या आणि घरच्यांसमोर मोठ्यानं वाचा. एजंटनं व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या कागदाशी आकडे जुळत नसतील तर तिथंच थांबा. आणि भरतीचा खर्च कामगाराकडून घेणं अमिरातीच्या कायद्याला मंजूर नाही, हे एजंट पैसे मागायला लागला की लक्षात ठेवा.

दोघांनी एकच सवलत घेतली

नर्सला हॉस्पिटल राहायला जागा देतं आणि इंजिनिअरला कंपनी घरभाडं देते. कागदावर दोन्ही छान दिसतं. प्रत्यक्षात ती जागा एका खोलीत तिघी-चौघींची असते आणि नवऱ्याला तिथं पाऊलही टाकता येत नाही. म्हणजे तिच्या पॅकेजमधला हा भाग तुमच्या संसाराला काहीच देत नाही. सही करण्याआधी तिनं लेखी विचारावं, "जागा घेतली नाही तर त्याऐवजी रोख भत्ता मिळेल का?" बरीच हॉस्पिटलं देतात. नोकरी लागल्यावर मागितलं तर नाही म्हणतात.

मुलांची फी आणि वर्षाचं विमानाचं तिकीट यांतही अशीच गोम असते. "जोडीदाराला इतर ठिकाणाहून ही सवलत मिळत नसल्यास" अशी ओळ अनेक करारांत असते. ती बारीक अक्षरात, शेवटच्या पानावर सापडते. दोघांनीही फीचा दावा केला आणि नंतर पगारातून वसुली झाली, असं मी माझ्या टेबलावर बघितलंय. फी कुणाच्या कंपनीकडून घ्यायची हे आधी ठरवा आणि दुसऱ्याच्या कंपनीला त्या बदल्यात दुसरं काही मागा, तिकीट किंवा मूळ पगारात थोडी वाढ. मागायला लाजू नका. आपल्याकडची मुलं मागायचं म्हटलं की मान खाली घालतात.

भाड्याबद्दल एक गोष्ट. तिथं वर्षाचं भाडं बऱ्याचदा दोन किंवा चार चेकमध्ये आगाऊ द्यावं लागतं. पहिल्या महिन्यात तेवढी रक्कम कुठून येणार, हे इथून निघताना ठरलेलं हवं. कंपनी भाड्यासाठी आगाऊ उचल देते का, हे विचारून ठेवा.

दोघंही एकाच व्हिसावर

बायकोला नवऱ्याच्या व्हिसावर ठेवायचं आणि तिनं वर्क परमिट काढून नोकरी करायची, ही पद्धत कंपन्यांना आवडते कारण खर्च वाचतो. पण नवऱ्याची नोकरी गेली की तिचा राहण्याचा हक्कही अडचणीत येतो, तिची नोकरी शाबूत असूनही. माझं मत स्पष्ट आहे. दोघांनाही कंपनी व्हिसा द्यायला तयार असेल तर दोघांनी आपापला घ्यावा. मुलं ज्याची नोकरी जास्त टिकाऊ त्याच्याकडं. कुटुंबाला बोलवायला साधारण ४,००० दिरहॅम पगार लागतो, किंवा ३,००० आणि राहायला जागा. ही अट बाईच्या पगारालाही तशीच लागू आहे, त्यामुळं वेळ आली तर तीही घर सावरू शकते.

विम्याचं कार्ड म्हणजे विमा नव्हे

अबुधाबीत कंपनीनं कर्मचाऱ्यासोबत त्याची बायको आणि १८ वर्षांखालच्या ३ मुलांपर्यंत विमा द्यायचा असतो. दुबईत कंपनीवर फक्त कर्मचाऱ्याची जबाबदारी, कुटुंबाचा विमा ज्यानं व्हिसा काढला त्यानं भरायचा. त्यामुळं दुबईच्या ऑफरमध्ये "वैद्यकीय विमा" एवढंच लिहिलं असेल तर तो एकाचाच समजा. बाळंतपणाचा खर्च कितीपर्यंत, कुठल्या हॉस्पिटलात, थांबण्याची मुदत (विमा घेतल्यावर तो लागू होईपर्यंतचा काळ) किती, हे तीन प्रश्न लेखी विचारा. दोघांकडं स्वतंत्र कार्ड असतील तर जिथं जास्त खर्च होणार तिथं चांगलं कार्ड आधी वापरायचं.

बाळंतपणाच्या रजेबद्दल आपल्याकडच्या बायकांची मोठी फसगत होते, कारण इथले २६ आठवडे डोक्यात असतात. अमिरातीत खाजगी नोकरीत ६० दिवस, त्यातले ४५ पूर्ण पगारी आणि १५ अर्ध्या पगारी. आई आणि वडील दोघांनाही बाळाच्या पहिल्या ६ महिन्यांत ५ दिवसांची पालकरजा वेगळी. सासू-आई तिकडं कधी येणार, याचं गणित त्यावर बसवा.

जर्मनीला जाणाऱ्यांनी टॅक्स क्लास बघावा

इंजिनिअर मुलं हल्ली जर्मनीकडं वळलीत, म्हणून हे थोडक्यात. लग्न झालेल्या जोडप्याला तिथं टॅक्स क्लासची, म्हणजे दर महिन्याच्या पगारातून कर कापण्याच्या गटाची, निवड असते, दोघं ४ मध्ये किंवा एक ३ आणि दुसरा ५ मध्ये. नवरा आधी पोचलेला, कमावता, म्हणून तो कमी कपातीचा ३ घेतो. बायकोला नंतर नोकरी लागते आणि ती ५ मध्ये जाते. तिच्या हातात येणारा पगार खूप कमी होतो. वर्षअखेरीला विवरणपत्र भरल्यावर घराचा एकूण कर सारखाच येतो, पण पालकभत्ता निव्वळ पगारावर मोजतात. तो महिन्याला ३०० ते १,८०० युरोच्या मधे असतो, म्हणजे तिचा क्लास ५ असेल तर मोठा तोटा. बेकारभत्त्याचंही तसंच. टॅक्स क्लास बदलायचा असेल तर प्रसूतीरजा सुरू होण्याच्या महिन्याच्या किमान ७ महिने आधी बदलावा लागतो. म्हणजे दिवस राहिल्याचं कळलं की लगेच, उशीर नको.

दोन राज्यांतले कागद, दोन ठिकाणची रांग

ही आपल्या सीमाभागाची खास अडचण. मुलगी चंदगड किंवा गडहिंग्लजची, पदवी शिवाजी विद्यापीठाची. मुलगा बेळगावचा, पदवी व्हीटीयूची, म्हणजे कर्नाटकच्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची. लग्नाची नोंद बेळगावात, जन्माचे दाखले वेगवेगळे. साधारणपणे कागद ज्या राज्यानं दिला त्या राज्याची मोहर आधी, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाची. अमिराती ॲपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर दुसऱ्या देशाचे कागद मान्य करण्याचा करार) नाही, त्यामुळं पुढं त्यांच्या दूतावासाची मोहर लागते. म्हणजे मुंबई आणि बेंगळुरू अशा दोन वाटा एकाच वेळी चालू ठेवाव्या लागतात. हे सही झाल्यावर सुरू केलं तर रुजू व्हायची तारीख हुकते.

नावांचं पाहा. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झालं. जन्मदाखल्यावर जुनं आणि पासपोर्टवर नवं नाव सर्रास असतं. कन्नडमधून इंग्रजीत जाताना आडनावाचं स्पेलिंग बदलतं. पदवी माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या. कुटुंबाचा विमा आणि फीचा भत्ता लग्नाचा दाखला जुळल्याशिवाय सुरू होत नाही. मंगल कार्यालयाची पावती आणि लग्नपत्रिका तिथं चालत नाही. लग्न झालं त्याच महिन्यात सबरजिस्ट्रारकडं नोंद करून घ्या, दाखला कन्नडमध्ये असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर करून ठेवा आणि नावात फरक असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

इथलं दार उघडं टाकून जाऊ नका

माझी स्वतःची चूक सांगते. इथली नोकरी सोडली त्या दिवशी कंपनीच्या गटविम्यातून माझी आईही बाहेर पडली. ते मला चार महिन्यांनी, ती आजारी पडल्यावर कळलं. तिला आधीच मधुमेह होता, नव्या पॉलिसीत त्या आजाराला थांबण्याची मुदत लागली आणि तोवरचा सगळा खर्च आम्ही खिशातून केला. राजीनामा देण्याआधीच विमा कंपनीकडं अर्ज करून गटविम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. ही वाट मला त्या वेळी कुणी दाखवली नाही, म्हणून प्रत्येक जोडप्याला मी हे आधी सांगते. दोघांच्याही आई-वडिलांचं हे काम निघण्याआधी झालं पाहिजे.

पीएफ घाईनं काढू नका. पेन्शनचा हक्क १० वर्षांच्या नोकरीवर मिळतो. आठ वर्षं भरलेली असतील तर पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी योजना प्रमाणपत्र घ्या, परत आल्यावर ती वर्षं जोडली जातात. बचत खातं एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं इथलं रुपयांतलं खातं) करून घ्या. पीपीएफ आधीचं असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं काढता येत नाही. आणि तिकडच्या कंपनीचा वारसाचा फॉर्म दोघांनी एकमेकांसमोर बसून भरा. लग्नाआधी नोकरी लागलेल्यांच्या फॉर्मवर पाच-पाच वर्षं फक्त वडिलांचंच नाव असतं.

राहिली निघायची तारीख. जोडपी बऱ्याचदा वेगवेगळ्या महिन्यांत जातात, तो जूनमध्ये आणि ती दिवाळी करून. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस किंवा जास्त राहणं झालं तर त्या वर्षी तुम्ही इथले निवासी ठरता आणि तिकडचा त्या वर्षातला पगारही भारतात करपात्र ठरू शकतो. नोकरीसाठी निघताना २८ सप्टेंबरच्या आत देश सोडला तर १ एप्रिलपासून १८१ दिवस होतात. तो एनआरआय आणि ती निवासी, असं एकाच घरात झालं की विवरणपत्रं दोन तऱ्हेची भरावी लागतात आणि तिच्या पहिल्या काही पगारांवर कर लागू शकतो.

खानापूरच्या त्या नर्सनं हॉस्पिटलला दोन ईमेल केले. जागेऐवजी रोख भत्ता मिळाला आणि मूळ पगार थोडा वाढवून मिळाला. व्हिसा दोघांनी आपापला घेतला. तो जुलैत गेला. ती दिवाळीनंतर निघणार होती, तिनं तारीख अलीकडं आणली. गणपतीचं विसर्जन झालं आणि २२ सप्टेंबरला ती निघाली.