स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकाने वाचकांशी नाते कसे जोडावे

स्वखर्चाने पुस्तक काढणाऱ्या लेखकाजवळ प्रकाशकाची विक्रीयंत्रणा नसते. मात्र पुस्तक नेमके कोणाच्या हाती गेले, हे त्याला कळू शकते आणि हेच त्याचे खरे भांडवल होय. म्हणून छपाईपूर्वीच एक वही घालावी. प्रकाशनपूर्व सवलतीची नोंदणी स्वतःकडे घेऊन प्रत्येक वाचकाचे नाव, गाव, फोन क्रमांक आणि पुस्तकाविषयी त्याला कोठून कळले, हे त्याच्या संमतीने लिहून ठेवावे. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा आहे, कारण पुढच्या पुस्तकाच्या वेळी कोणाकडे जायचे हे तोच सांगतो.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पत्रव्यवहाराचा पत्ता, व्हॉट्सॲप क्रमांक आणि एक प्रश्न छापावा. ‘पुस्तक कसे वाटले?’ असे विचारल्यास ‘छान आहे’ एवढेच उत्तर येते. ‘वाचताना कोणत्या पानाशी अडलात?’ असे विचारले, तर वाचक बोलता होतो.

व्हॉट्सॲपवर ग्रुप काढण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच निरोप अनेकांना स्वतंत्रपणे धाडण्याची सोय, बरी, कारण ग्रुपमध्ये सर्वांचे क्रमांक एकमेकांना दिसतात. एका यादीत २५६ जण मावतात आणि ज्यांनी तुमचा क्रमांक फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप पोहोचतो. तेव्हा आधी प्रत्येकाला स्वतंत्र संदेश पाठवून तशी विनंती करावी. रोज सुप्रभात धाडू नये.

प्रत्यक्ष भेटीची सर मात्र कशालाच नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याच्या आधाराने गावोगावी अनुदानित वाचनालये चालतात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे त्यांच्याकडे जाण्याचे उत्तम निमित्त होय. ग्रंथपालांना महिना-दीड महिना आधी पत्र लिहून पुस्तकाची प्रत सोबत द्यावी, आणि भाषणाऐवजी अर्ध्या तासाचे अभिवाचन व त्यानंतर मोकळ्या गप्पा सुचवाव्यात. पंधराच माणसे आली, तरी ती नियमित वाचणारी असतात, आणि त्यांच्या शिफारशीने पुस्तक कपाटातून बाहेर पडते. साहित्य संमेलनातील ग्रंथप्रदर्शनाचा गाळा एकट्याला परवडत नसल्यास तीन-चार लेखकांनी मिळून घ्यावा, आणि वाचक पुस्तक चाळत असताना मध्ये बोलू नये.

वाचकाने चूक दाखवली, तर वाद न घालता आभार मानावेत, पान क्रमांकासह ती वहीत नोंदवावी, आणि पुढील आवृत्तीत दुरुस्ती झाल्यावर त्या वाचकाला नवी प्रत आवर्जून पाठवावी.