बेसबॉल टीमचा महिन्याचा हिशोब कसा लावायचा आणि रोस्टरची (खेळाडूंच्या यादीची) काळजी नक्की कधी करायची

महिना संपला की लोक टीमचा रेकॉर्ड बघतात आणि एकतर एकदम खूश होतात नाहीतर मॅनेजरला हाकला म्हणून ओरडायला लागतात, आणि दोन्ही वेळेला बरेचदा घाईच झालेली असते. एमएलबीचा, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगचा, सीझन प्रत्येक टीमला १६२ मॅचचा, मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, म्हणजे महिन्याला साधारण २६-२७ मॅच. आयपीएलची लीग १४ मॅचमध्ये आटपते त्यामुळे आपल्याला २६ मॅच म्हणजे भरपूर वाटतं, पण बेसबॉलमध्ये अगदी मधल्या ताकदीची टीमसुद्धा एका महिन्यात २६ पैकी १० जिंकेल आणि पुढच्या महिन्यात १६, आणि मधे टीममध्ये काडीचाही फरक पडलेला नसेल. म्हणून नुसता जिंकले-हरलेचा आकडा बघून काही ठरवायचं नाही.

शिकायला माझ्या मते वॉशिंग्टन नॅशनल्सच्या २०१९ च्या सीझनसारखं दुसरं उदाहरण नाही. २३ मे ला न्यूयॉर्कमध्ये मेट्सकडून सलग चौथी मॅच हरले आणि रेकॉर्ड झाला १९ विजय ३१ पराभव. मॅनेजर डेव्ह मार्टिनेझची नोकरी जाणार असं सगळेच धरून चालले होते, पिचिंग कोच (बॉल टाकणाऱ्या पिचर्सचा कोच) तर मे च्या सुरुवातीलाच बदलला होता. आणि तिथून पुढे हीच टीम ७४-३८ खेळली, ९३ मॅच जिंकली आणि ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला सात मॅचमध्ये हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, जिंकून गेली. आता प्रश्न असा की मे महिन्याच्या शेवटी कागद पेन घेऊन बसलं असतं तर यातलं काही दिसलं असतं का? सगळं नाही, पण बरंच दिसलं असतं.

पहिलं काम, रन्स. टीमने महिन्यात किती रन केले आणि किती दिले हे दोन आकडे काढा. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्सचा जुना सोपा फॉर्म्युला आहे, केलेल्या रन्सचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज, की किती टक्के मॅच जिंकायला हव्या होत्या ते येतं. नॅशनल्सने त्या पूर्ण सीझनमध्ये ८७३ रन केले आणि ७२४ दिले, फॉर्म्युल्यात घातलं तर साधारण ५९ टक्के येतात म्हणजे १६२ पैकी ९६ विजय, प्रत्यक्षात ९३ झाले, म्हणजे जवळपास बरोबर. महिन्याला हाच हिशोब करा आणि खऱ्या विजयांशी ताडून बघा. रन्सच्या मानाने विजय चार-पाचने कमी असतील तर आधी एका रनाने हरलेल्या मॅच मोजा, बहुतेक वेळा गडबड तिथेच सापडते. उलटंही होतं, विजय जास्त आणि रन्स कमी, तेव्हा जास्त सावध राहायचं कारण पुढच्या महिन्यात ते टिकत नाही.

दुसरं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. दिलेले रन स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर) आणि बुलपेन (त्याच्यानंतर येणारे पिचर, म्हणजे रिलीव्हर) असे वेगवेगळे करा. नुसता टीमचा इआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेले रन) बघितला की दोन्ही एकात मिसळतं आणि दुखणं कुठे आहे ते कळतच नाही. नॅशनल्सकडे स्टार्टर कोण होते बघा, मॅक्स शर्झर, स्टीवन स्ट्रासबर्ग, पॅट्रिक कॉर्बिन, ॲनिबल सांचेझ. हा शर्झर म्हणजे जूनमध्ये प्रॅक्टिसला बंट (बॅट नुसती लावून बॉल हळू ढकलणं) मारताना बॉल तोंडावर बसून नाक मोडलं आणि दुसऱ्या दिवशी डोळा काळानिळा असताना फिलाडेल्फियासमोर सात इनिंग पिच करून एकही रन दिला नाही. अशा स्टार्टरवाल्या टीमची चिंता कशाला करायची! पण सहाव्या-सातव्या इनिंगनंतर फोन करून बुलपेनमधून कोणाला बोलवायचं हा खरा प्रश्न होता. ट्रेवर रोझेंथाल कोपराच्या ऑपरेशनवरून परत आला होता, तो पहिल्या चार वेळा आला आणि एकही आउट न काढता परत गेला, एकही आउट नाही म्हणजे भागाकारात खाली शून्य, इआरए काढणारच कसा. जूनमध्ये त्याला सोडून दिलं. मॅचचा शेवट करणारा रिलीव्हर, म्हणजे क्लोजर, शॉन डूलिटल सोडला तर विश्वास ठेवावा असं कोणी नव्हतं आणि मग त्याच्यावरच सगळा भार. म्हणून तुमच्या टीमच्या बुलपेनमध्ये बघताना नुसता इआरए नाही तर महिन्यात कोण किती वेळा आला, सलग दोन दिवस किती वेळा वापरला हे पण लिहून काढा, एकाच माणसाच्या नावापुढे खूप रेघा झाल्या की पुढच्या महिन्यात तो दमणार हे धरून चाला.

बॅटिंगचं थोडक्यात. महिन्याच्या ॲव्हरेजवर जीव टाकू नका. प्लेमध्ये गेलेल्या (मारलेल्या आणि होमरन न झालेल्या) बॉलवर लीगभर साधारण ०.३०० च्या आसपास हिट मिळतात, एखादा महिनाभर ०.२२० वर अडकला असेल पण वॉक (चार वाईट बॉलवर फुकट मिळणारा बेस) आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर आउट) नेहमीसारखेच असतील तर त्याला खेळू द्या, येईल तो वर. स्ट्राइकआउट एकदम वाढले असतील तर मात्र काहीतरी बिनसलंय, दुखापत लपवतोय का तेही बघा.

आता रोस्टर. इथे दोन याद्या करायच्या, एक आपोआप सुटणाऱ्या अडचणींची आणि दुसरी बाहेरून माणूस आणल्याशिवाय न सुटणाऱ्या. नॅशनल्सची पहिली यादी मोठी होती. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) ट्रे टर्नरचं २ एप्रिलला बंट करताना बोट मोडलं, तो १७ मे ला परत आला. मधे अँथनी रेंडॉन कोपरामुळे बाहेर, हुआन सोटो पाठीमुळे बाहेर, रायन झिमरमन टाचेमुळे बाहेर. म्हणजे ज्या टीमने १९-३१ केलं ती अर्धी दुसरीच टीम होती, आणि २३ मे ला टर्नर, रेंडॉन, सोटो तिघंही परत आलेले होते. जूनमध्ये हेच लोक १८-८ खेळले. दुसऱ्या यादीत एकच गोष्ट होती, बुलपेन, आणि ती बऱ्या झालेल्या बोटाने सुटणार नव्हती. ३१ जुलैच्या ट्रेड डेडलाइनला (खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख) टोरंटोकडून डॅनियल हडसन आणि सिॲटलकडून हंटर स्ट्रिकलंड, रोएनिस एलियास असे तीन रिलीव्हर आणले, त्यातला हडसन असा चालला की वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट त्यानेच काढला.

याद्या करताना नियम माहीत पाहिजेत नाहीतर उगाच याला काढा त्याला आणा चालू राहतं. आता ॲक्टिव्ह रोस्टर (मॅचला उपलब्ध खेळाडू) २६ जणांचं असतं (२०१९ ला २५ चं होतं), त्यात पिचर जास्तीत जास्त १३, आणि मागे ४० जणांचं मोठं रोस्टर, त्यातूनच हे २६ निवडतात. इंज्युअर्ड लिस्टवर (जखमींच्या यादीवर) बॅटर कमीत कमी १० दिवस, पिचर १५ दिवस. पण ६० दिवसांच्या लिस्टवर टाकलं की त्याची ४० मधली जागा मोकळी होते, म्हणून कोणाला अचानक तिथे हलवलं तर समजायचं की क्लब दुसऱ्या कोणासाठी जागा करतोय. मायनर लीगला (खालच्या लीगला) कोणाला पाठवता येतं हे ऑप्शनवर ठरतं, खेळाडूला साधारण तीन ऑप्शन वर्षं मिळतात, ती संपली की वेव्हर्समधून गेल्याशिवाय (म्हणजे बाकीच्या टीमना घ्यायची संधी दिल्याशिवाय) खाली पाठवता येत नाही आणि दुसरी टीम फुकटात उचलू शकते. म्हणूनच वाईट खेळणारा सहावा रिलीव्हर टीममध्ये राहतो आणि चांगला खेळणारा पोरगा मायनर लीगच्या वरच्या पायरीला, ट्रिपल ए ला जातो, यात मॅनेजरचा काही दोष नसतो बरेचदा. ऑप्शन संपलेल्यांच्या नावापुढे आधीच खूण करून ठेवा.

हे सगळं करायला महिन्यातून एक तास पुरतो, आणि प्रत्येक मॅच बघायची गरज नाही, पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळची सातची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागते, रोज कोण उठणार. बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) पुरतात. फक्त बुलपेनसाठी महिन्यात चार-पाच मॅचच्या शेवटच्या तीन इनिंग नीट बघा, मॅनेजर अडचणीत कोणाकडे वळतो हे आकड्यांच्या आधी तिथे दिसतं.

सवड नसेल तर तीन महिन्यांचे हिशोब तरी सोडू नका. मे अखेरचा, कारण तोवर ५५-६० मॅच झालेल्या असतात आणि आकड्यांवर थोडा विश्वास ठेवता येतो. जुलैमधला, डेडलाइनच्या आठवडाभर आधी, तेव्हा फक्त दुसरी यादी घेऊन बसायचं आणि कोणत्या हरलेल्या टीमकडे ते माणूस आहेत ते शोधायचं. आणि ३१ ऑगस्टचा, कारण त्या रात्रीपर्यंत क्लबमध्ये असलेल्यांनाच साधारणपणे पोस्टसीझन (प्लेऑफ) खेळता येतं, आणि १ सप्टेंबरला रोस्टर २८ चं होतं तेव्हा वाढलेल्या दोन जागांवर कोणाला बोलावलं ते टिपून ठेवायचं.