स्पोर्ट्स कार देऊन दमदार एसयूव्ही घेताना: सातारा-सांगलीकरांसाठी

साताऱ्यात स्पोर्ट्स कारचं दुखणं इंजिनात नसतं, पोटाखाली असतं. गतिरोधकाचं कागदावरचं माप 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि अंगानं गोल असं आहे. गावागावांत भेटतो तो मात्र रात्रीत उभा केलेला डांबराचा वरवंटा. पुढच्या बंपरखालची पट्टी म्हणजे स्प्लिटर, तो आधी घासतो, मग खालचं प्लास्टिकचं कव्हर लोंबतं. त्यात घरात लहान मूल किंवा गुडघे धरलेले आजोबा असले की गाडी बदलायचा विषय निघतोच. बदला. पण जुनी देणं आणि नवी घेणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत, हे शोरूममध्ये पाऊल टाकण्याआधी ठरवून जा. नुकसान होतं ते हे दोन्ही एका कागदावर आल्यामुळे.

सेल्समन तीन आकडे एकत्र कालवतो: जुन्या गाडीची किंमत, एक्सचेंज बोनस आणि नव्या गाडीवरची सूट. प्रत्येक आकडा वेगळा, लेखी मागा. समजा, जुन्या गाडीचे तो 26 लाख देतो आणि वर 1 लाख बोनस. पुण्यातला थेट गिऱ्हाईक त्याच गाडीचे 29 लाख देत असेल, आणि एक्सचेंज न करता नव्या गाडीवर आणखी 50 हजार सुटत असतील, तर बोनसच्या नावाखाली तुम्ही अडीच लाख सोडताय. रोड टॅक्सचीही भाबडी समजूत अनेकांची असते. जुनी गाडी दिली म्हणून नव्या गाडीचा टॅक्स कमी होत नाही, तो नव्या गाडीच्या पूर्ण किमतीवरच लागतो. महाराष्ट्रात डिझेलला पेट्रोलपेक्षा 2 टक्के जास्त. 10 लाखांवरच्या गाडीवर विक्रेता 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो, तो मात्र रिटर्न भरताना वळता करता येतो, पावती सांभाळा.

स्पोर्ट्स कारचं गिऱ्हाईक साताऱ्यात क्वचितच मिळेल. ते पुण्यात, मुंबईत, फार तर कोल्हापुरात असतं. दीडेक महिना हाताशी ठेवून विका, आणि पावसाळ्याच्या तोंडावर काढू नका. आधी गाडी मूळ रूपात आणा. माळ्यावर ठेवलेला कंपनीचा एक्झॉस्ट आणि एअर बॉक्स परत बसवा, रीमॅप (ताकद वाढवायला बदललेलं इंजिनाचं सॉफ्टवेअर) काढून टाका. बदललेल्या सुट्या भागांचे पैसे गाडीत धरून कोणी देत नाही. ते वेगळे विकले तर निदान काहीतरी हाती लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि जाणता गिऱ्हाईक तोच मुद्दा पकडून भाव पाडतो. रीमॅप काढला की खूणही पुसली असं समजू नका. फोक्सवॅगन-ऑडीच्या गाड्यांत कंपनीच्या सर्व्हरवर टीडी1, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये फेरफार झाल्याची, नोंद पडलेली असू शकते. म्हणून रीमॅप होता हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून टाकलेलं बरं.

सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. ओल्या क्लचच्या डीएसजीचं (फोक्सवॅगन गटाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तेल साधारण 60,000 किलोमीटरला बदलावं लागतं; त्याची पावती नसेल तर गिऱ्हाईक गिअरबॉक्सचीच भीती घालतो, आणि त्याचं चुकतही नसतं.

कागदांचा भाग कंटाळवाणा आहे, पण फटका इथेच बसतो. कर्ज असेल तर बँकेकडून फोरक्लोजरचं, म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडायचं, पत्र घ्या. त्यात रोजचं व्याज धरून तारखेनुसार रक्कम लिहिलेली असते, म्हणून व्यवहाराच्या आठवड्यातलंच पत्र हवं. कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. विक्रीसाठी फॉर्म 29 च्या दोन प्रती आणि फॉर्म 30. गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 सुद्धा. एमएच 11 ची गाडी पुण्यात गेली तरी नंबर तोच राहतो, पण नाव बदललंच पाहिजे. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे नाव चढायच्या आधी त्या गाडीनं अपघात केला, तर नोटीस तुमच्या दारात. डीलरला गाडी देत असाल तर त्याच्याकडे आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र आहे का ते बघा आणि फॉर्म 29सी भरून घ्या. 1 एप्रिल 2023 पासून ही सोय आहे आणि त्यानंतरची जबाबदारी डीलरवर जाते. 'गिऱ्हाईक मिळालं की नाव चढवतो' हे उत्तर ऐकलं की किल्ली खिशात ठेवायची.

ई-चलनं आधी भरा. पैसे बँकेतूनच घ्या; एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यानं बंद आहे. डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरचं रीडिंग लिहा. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा, नाहीतर नवा मालक आनेवाडीचा टोल तुमच्या खात्यातून भरेल. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखून ठेवल्याचं पत्र मागा. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत गेलेला असतो आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमला लागतो. पत्र 3 वर्षं चालतं. लाखभर प्रीमियमच्या गाडीला ही रक्कम सोडून देण्याजोगी नाही.

आता एसयूव्ही. अश्वशक्तीच्या आकड्यानं सुरुवात केली की निवड चुकते. सुरुवात टायरपासून करा. तोच बॅज, तेच इंजिन, पण 21 इंची रिमवर टायरची भिंत इतकी बारीक असते की ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात ती फुगते. फुगलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. 18 किंवा 19 इंची रिमचा पर्याय असेल तर तो घ्या, गाडी जरा कमी तोऱ्याची दिसली तरी चालेल. स्टेपनी आहे का ते डिकी उघडून प्रत्यक्ष बघा. काही गाड्यांत फक्त पंक्चर किट असतं, काहींत रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, टायर. रात्री साडेअकराला तासगावच्या अलीकडे भिंत फाटली, तर किट काही कामाचं नाही.

फोर व्हील ड्राइव्हची किंमत पुढे टायरमध्येच मोजावी लागते. चारही टायरचा घेर जवळपास सारखा हवा. एकच नवा टायर टाकला आणि बाकीचे निम्मे झिजलेले असले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला क्लच सतत घसरत राहतो, तापतो आणि शेवटी तो ज्यात असतो तो ट्रान्सफर केस जातो. कंपनीगणिक मर्यादा वेगळी असते, पण नक्षीत 2-3 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवू नये. गाडी टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडवरच. पुढची दोन चाकं उचलून ओढत नेली की हाच भाग बिघडतो. साताऱ्याहून पुणे साधारण 110 आणि कोल्हापूर 120 किलोमीटर आहे. तुमच्या ब्रँडचं वर्कशॉप यांपैकी कुठे आहे आणि रोडसाइड असिस्टन्स किती किलोमीटरपर्यंत फुकट ओढते, हे सही करण्याआधी विचारा.

बजेटप्रमाणे पर्याय फार वेगवेगळे आहेत. फोक्सवॅगनच्या टायगुन जीटीचं 1.5 लिटरचं टर्बो इंजिन 150 पीएस देतं, पण ताकद फक्त पुढच्या चाकांना. महिंद्राच्या एक्सयूव्ही700 चं (आता सेकंड हँडच मिळेल) 2.0 टर्बो पेट्रोल 200 पीएस आणि 380 न्यूटन मीटर; माणसं भरून घाट चढायला दणकट, पण वळणात अंग टाकते. फोक्सवॅगनचीच टिगुआन आर-लाइन 204 पीएस आणि फोरमोशन, म्हणजे चारही चाकांना ताकद. ऑक्टाव्हिया आरएससारखी गाडी सोडून येणाऱ्याला स्टिअरिंगची ओळख इथे लवकर पटते. त्यावरच्या पैशांत बीएमडब्ल्यूची एक्स4 एम40आय, सहा सिलिंडर, 500 न्यूटन मीटर; तीही आता सेकंड हँडच. उतरत्या छताची कूपे एसयूव्ही घेणार असाल तर आजोबांना मागे बसवून बघा. डोकं छताला लागलं तर मूळ तक्रार तशीच राहिली.

टेस्ट ड्राइव्ह हायवेवर घेऊ नका. तिथे सगळ्याच गाड्या छान वाटतात. सकाळी लवकर यवतेश्वर घाट चढून कासकडे जा, गाडीत चार माणसं आणि सामान घेऊन. कासचा फुलांचा हंगाम टाळा, नाहीतर तीन तास पहिल्या गिअरमध्ये जातील. चढताना वळणातून बाहेर पडल्यावर गिअर पडायला किती वेळ लागतो ते बघा. खरी परीक्षा उतारावर. स्पोर्ट्स कारपेक्षा ही गाडी तीन-चारशे किलोनं जड आणि उंचही आहे. स्टिअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलनं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. तळाशी आल्यावर ब्रेकचा पेडल आधीपेक्षा खोल जात असेल किंवा जळका वास येत असेल तर पॅड आणि ब्रेक ऑइलची चौकशी करा. मागच्या सीटवरच्या माणसाला मळमळलं का, हेही विचारा. उंच गाडी वळणात झुकू नये म्हणून स्प्रिंग कडक करतात, तो त्रास मागेच कळतो. परतताना जुन्या पेठेतल्या गल्लीतून घराकडे वळवा आणि फाटकाची रुंदी आरशांसकट मोजा.

सेकंड हँड घेत असाल तर एक तपासणी आपल्याकडे जास्तीची लागते: महापूर. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, जुलै 2021 मध्ये पुन्हा शहरात शिरलं. त्या पाण्यातल्या गाड्या धुऊन-पुसून इतर जिल्ह्यांत विकायला येतात. सीटबेल्ट शेवटापर्यंत ओढून काढा, आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते. सीटच्या रुळाखालचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक माती आहे का, गालिच्याखालच्या कनेक्टरवर हिरवट बुरशी आहे का, बघा. विम्याचा क्लेम इतिहास मागा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावा. मूळ रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन, 300 च्या वर गेला की खाली लांबी (पुटी) भरलेली आहे. ओबीडी स्कॅनमध्ये (गाडीच्या कॉम्प्युटरला यंत्र जोडून केलेली तपासणी) एरर एकही नाही, पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या का हे सांगणारा रेडिनेस 'नॉट रेडी' दाखवत असेल, तर कोड सकाळीच पुसलेत. अशी गाडी आणखी शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करू देत नसतील तर सोडा.

पेट्रोलच्या झाकणामागचं स्टिकर वाचा: किती ऑक्टेन आणि ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं का. एप्रिल 2023 च्या आधीची गाडी असेल तर कंपनीचं लेखी उत्तर घ्या. ऊस आपला, साखर कारखाना आपला, इथेनॉलही आपलंच. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना त्याचं कौतुक नसतं.